निळ्या रानाची वही

१

दैवशालाबाईंनी माईकसमोर वही उघडली आणि वही कोरी निघाली.

पहिलं पान कोरं, दुसरं कोरं. त्यांनी शेवटपर्यंत पानं उलटली. वरचं खाकी कव्हर त्यांचंच होतं. कव्हरवरच्या चिठ्ठीत ‘लेकीच्या गावचं रान’ असं लिहिलेलं अक्षरही त्यांचंच. आत मात्र निळ्या रेघांशिवाय काही नव्हतं.

कुंभार पिंपळगावच्या नवजागृती वाचनालयात महिला वाचक मेळावा चालला होता. म्हणजे समोर बावीस बाया आणि व्यासपीठावर सात पुरुष. बायांच्या मागं, शेवटच्या रांगेत देवानंद साळवे बसले होते. साळवे सर शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी घनसावंगी तालुक्यातल्या शाळा तपासल्या आणि त्या तीस वर्षांत माणसांबद्दलचं त्यांचं मत दर साली थोडं खालीच गेलं. हार, नारळ, शाल आणि ‘दोन शब्द बोलतो’ म्हणून चाळीस मिनिटं बोलणारा माणूस, या चारही गोष्टींची त्यांना शिसारी होती. आज ते आले होते, कारण घरी लाईट गेली होती आणि वाचनालयाला इन्व्हर्टर होता.

दैवशालाबाई चौसष्ट वर्षांच्या, सातवी शिकलेल्या, ऊस-कापसाच्या घरातल्या. लेक तृप्ती इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहते. तिच्या बाळंतपणाला त्या मार्चमध्ये गेल्या आणि ऑगस्टमध्ये परतल्या. तिथं रोज जे पाहिलं ते त्यांनी वहीत उतरवून काढलं होतं. आज त्यातली चार पानं वाचायची होती.

“वही न्हाई तर न्हाई,” त्या म्हणाल्या. “मला पाठ हाय.”

आणि वही मिटून त्या बोलू लागल्या. “लेकीच्या घरामागं एक रान हाय. रान कसलं, आपल्या बाजारतळाएवढं. ह्या टोकाला उभं राह्यलं की झाडाझाडातून ते टोक दिसतं. एक दिवस गेले, तर सगळी भुई निळी. जवसाचं शेत फुलल्यावर दिसतं तशी. पण जवस पेरावं लागतं. हे कुणी पेरलं?”

दुसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “हे तर रविवारच्या पेपरात आलंय की. उगले सरांचं.”

मोबाईल या हातातून त्या हातात फिरला. जालन्याच्या एका दैनिकाच्या पुरवणीत प्रा. सोमेश्वर उगले यांचा लेख होता, ‘विलायतेतील नीलवन’. बाजारतळ होता, जवस होतं, ‘कुणी पेरले हे?’ असा सवालही होता. बायांमध्ये खसखस पिकली. वाचनालयाचे अध्यक्ष साहेबराव यांनी माईक हातात घेतला. हातात माईक आला की साहेबरावांच्या चेहऱ्यावर देवपण येत असे.

“बाईंनी सरांचा लेख पाठ केला, कौतुक आहे. पण सरांचं नाव घ्यायला पाहिजे होतं. येत्या रविवारी इथंच सरांचा सत्कार आहे. बाईंनी तिथं लेखी माफी मागावी, म्हणजे विषय संपला.”

दैवशालाबाई रडल्या नाहीत. खुर्च्यांच्या मधून सरळ चालत त्या शेवटच्या रांगेत आल्या.

“सर, तुम्ही वाचली होती माझी वही. पंधरा दिवस तुमच्याकडं होती. तुम्ही सांगा ह्यांना.”

सगळ्या माना मागं वळल्या. साळवे सर उठले, “बघतो” एवढंच म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

सांगणार काय? वही पंधरा दिवस त्यांच्या टेबलावर होती, हे खरं. त्यांनी ती उघडलीच नव्हती.

२

सप्टेंबरमध्ये वाचनालयातली आकांक्षा ती वही देऊन गेली होती. ‘काकूंना तुमचं मत पाहिजे, सर.’ सरांनी चिठ्ठी वाचली, लेकीच्या गावचं रान, आणि मनातल्या मनात निकाल लावून टाकला. विमानात बसलेली प्रत्येक बाई परत येऊन हेच लिहिते: रस्ते किती स्वच्छ, माणसं किती शिस्तीची. पंधरा दिवसांनी त्यांनी वही आकांक्षाला परत दिली, मेळाव्यापर्यंत ती वाचनालयाच्या कपाटात राहणार होती. “ठीक आहे,” म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लबाड्या पकडणाऱ्या माणसानं दोन शब्दांत स्वतः एक केली होती.

आता ते दैवशालाबाईंच्या ओसरीवर बसले होते. कप हातात होता आणि चहावर साय धरत होती.

“मला सगळं पुन्हा सांगा,” ते म्हणाले. “नव्यानं. काही गाळू नका.”

त्या तासभर बोलल्या. रानाला दोन लाकडी फाटकं, कुलूप कुठलंच नाही. मधून ओढा, त्यावर तीन फळ्यांचा पूल. वादळात आडवं पडलेलं एक भलं मोठं झाड. ते कुणी तोडून नेलं नव्हतं, उलट त्याच्या अंगावर नवी झाडं उगवली होती. “आपल्याकडं दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी आल्या असत्या, सर.” येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक कुत्रं आणि कुत्र्याची घाण भरायची एक पिशवी. निळी फुलं नातू झाल्यावर दिसली, एप्रिल सरता सरता, आणि तीन आठवड्यांत गेली.

“आडव्या झाडापाशी एक बाक हाय. गुडघे बोलायला लागले की मी तिथं बसायची. त्याच्यावर पितळंची पाटी हाय. ‘आमच्या आईसाठी. दमला असाल तर बसा.’ कुणाची आई का असंना, मला लई बरं वाटायचं.”

“पाटी मराठीत होती?” सरांनी मुद्दाम विचारलं.

“मराठीत कशी असंल? इंग्रजी. मला कुठं येती? तृप्तीनं वाचून दाखविली.”

सरांनी खिशातून लेखाची घडी काढली. उगल्यांनी बाईंच्या साध्या भाषेला रेशमी झूल चढवली होती. झाड म्हणून नव्हतंच, सगळे ‘वृक्षराज’. फूल म्हणून नव्हतं, ‘नीलपुष्पांचा गालिचा’. ओढा ‘निर्झर’ झाला होता. आणि शेवटी: ‘मी वाकून त्या पितळी पाटीवरील इंग्रजी अक्षरे वाचली: आमच्या आईसाठी. दमला असाल तर बसा. माझे नेत्र पाणावले.’

सरांनी तीस वर्षांत हजारो उत्तरपत्रिका पाहिल्या होत्या. असे नेत्र कधी पाणावतात ते त्यांना चांगलं माहीत होतं.

“तुमच्या घरात ही वही कुणाला नको होती?” त्यांनी विचारलं.

बाई आतल्या दाराकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, “माझा पुतण्या. धर्मराज. त्यानं मला वही जाळायला सांगितल्ती.”

३

धर्मराज खताच्या दुकानात भेटला. दुकानातल्या पोत्यांसारखाच भरलेला आणि शिवलेला माणूस.

“मी सांगितल्तं जाळायला, बराबर हाय,” तो म्हणाला. “काकूनं त्याच्यात आमच्या आज्याचं लिवलंय. नदीकडची पळसाची झाडं आज्यानं कशी इकली, भट्टीला कशी घातली. लोकाचं रान बघून आपल्या घराचं उणं काढायचं काय कारण? पण वाचनालयाच्या कपाटाची चावी माझ्याकडं न्हाई. आन् मी मेळाव्याच्या आधी आठ दिवस परभणीला गेल्तो, कापसाच्या कामाला.”

“वही तू वाचलीस?”

“तेवढंच पान. बाकीचं कोण वाचतंय, बायकाचं लिवलेलं?”

सरांना त्याला झापायची फार इच्छा झाली, पण ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं.

वाचनालयात आकांक्षा रडून रडून डोळे सुजवून बसली होती. लोक तिच्याकडेच बघत होते, कारण कपाटाची चावी तिच्याकडं होती.

“एकच चावी?”

“दोन. दुसरी अध्यक्षांकडं. पण ते कपाट कधीच उघडत नाहीत, सर. त्यांनी आतापर्यंत एकच पुस्तक नेलंय, वास्तुशास्त्राचं. मी एक ऑक्टोबरला वही स्वतः ठेवली. तेव्हा भरलेली होती, मी दोन पानं वाचून मगच ठेवली.”

“कोणती दोन?”

“पुलाचं आणि ओढ्याचं.”

“बाकाचं नाही?”

“नाही, सर.” तिनं मान खाली घातली. “वेळ झाला नाही.”

एकूण ती वही तिघांच्या हातांतून गेली होती आणि तिघांनी मिळून तिची तीन पानं वाचली होती. उगल्यांनी निदान सगळी वाचली, ही एक गोष्ट सरांना त्यांच्या बाजूनं मान्य करावी लागली.

कोरी वही टेबलावर पडली होती. सरांनी खाकी कव्हर उलगडलं. ते मूळ वहीवरून काढून या वहीला बसवलेलं होतं. जुन्या घड्या नव्या कडांशी जुळत नव्हत्या. कव्हर पूर्ण निघालं आणि आतल्या पुठ्ठ्यावरून हात जोडलेले, हसरे साहेबराव सरांकडं बघू लागले. खाली छापलं होतं: ‘भावी आमदार मा. साहेबराव यांच्या वाढदिवसानिमित्त विद्यार्थ्यांना सप्रेम भेट.’

४

साहेबरावांच्या बैठकीत साहेबरावांचे अकरा फोटो होते. सरांनी मोजले, कारण साहेबराव फोनवर कुणाला तरी विकास समजावून सांगत होते आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

“माझी वही?” फोन ठेवून ते मोकळे हसले. “सर, मागच्या वाढदिवसाला मी दोन हजार वह्या वाटल्या. पंचक्रोशीत घराघरात माझी वही आहे. उद्या कुणी माझ्या वहीच्या कागदात भजी बांधली तर भज्याला मी जबाबदार का?”

“नाही,” सर म्हणाले. “उगले सरांशी तुमचं बरं आहे?”

“विद्वान माणूस. माझं चरित्र लिहून राह्यलेत. वाढदिवसाला पाच नोव्हेंबरला प्रकाशन. तुम्हीबी या.”

साहेबरावांचं चरित्र. सरांना त्या कागदाची कीव आली. बाहेर पडताना त्यांना माडीच्या जिन्यावर नव्या वह्यांचे गठ्ठे दिसले.

प्राध्यापक उगले घनसावंगीच्या एका कॉलेजात मराठी शिकवत. बंगल्याचं नाव ‘आरण्यक’. दारात एक पिंपळ होता, कुंडीतला, तारेनं पिळून गुडघ्याएवढा ठेवलेला.

“मी गेल्या ऑक्टोबरात इंग्लंडला जाऊन आलो. सात दिवस,” उगल्यांनी पासपोर्ट समोर टाकला. “त्या वनात मी एक दुपार होतो. ती नीलपुष्पं या डोळ्यांनी पाहिली. आता त्याच वनात त्या बाईही गेल्या असतील. म्हणून काय वन त्यांच्या सातबाऱ्यावर चढलं? त्यांनी माझा लेख वाचला, आवडला, पाठ केला. मी तर क्षमाही केली आहे.”

“क्षमा कशाची? त्यांनी तर आधी लिहिलं.”

“लिहिलं? कुठं आहे?” उगले प्रेमळपणे हसले. “मी सहा महिन्यांत तुमच्या वाचनालयाची पायरी चढलेलो नाही. आकांक्षाला विचारा. आणि साळवे सर, वही तुमच्याकडं होती म्हणतात. मग तुम्हीच का नाही सांगत, तिच्यात काय होतं?”

सर परत निघाले तेव्हा जीपमध्ये नऊजणांच्या जागी चौदाजण होते, तरी कुणी त्यांच्याशी बोललं नाही. चेहराच तसा झाला होता.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठोके देत होती. कॉपी पकडायचा त्यांचा जुना नियम साधा होता. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. चूक मात्र ज्याची त्याला असते. दोन पेपरांत एकच चूक दिसली की समजावं, एकानं दुसऱ्याचं पाहिलं. मग दैवशालाबाईंच्या वहीत चूक कुठं असेल? जे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यात नसेल. बाईंची नजर पक्की होती. जे दुसऱ्याच्या तोंडून घेतलं, त्यात असेल. आणि दुसऱ्याच्या तोंडून घेतलेली गोष्ट त्या सगळ्या रानात एकच होती.

त्यांनी घरी पोचताच तृप्तीला फोन लावला. आधी फुलांचं विचारलं. मग म्हणाले, “बाकावरच्या पाटीवर काय लिहिलंय, तृप्ती? शब्दाला शब्द सांग.”

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “सर, हे आईला कळू देणार नसाल तर सांगते.”

५

रविवारी वाचनालयाचा हॉल गच्च भरला. माफी बघायला माणसं लेख वाचण्यापेक्षा जास्त उत्साहानं येतात. भिंतीवर पडदा लावला होता. साहेबरावांच्या कार्याची चित्रफीत दाखवायची होती. हार घातले गेले. मग दैवशालाबाईंचं नाव पुकारलं, तेव्हा त्यांच्याऐवजी साळवे सर उठले.

“माफीच्या आधी पाच मिनिटं. त्या रानात जाऊन येऊ.”

आकांक्षानं मोबाईल पडद्याला जोडला. पडद्यावर तृप्ती आली, अंगात जाड कोट, पाठीला बांधलेलं बाळ. तिकडं सकाळ होती. ती चालू लागली आणि कुंभार पिंपळगावची दीडशे माणसं तिच्यामागून एका लाकडी फाटकातून आत गेली. तीन फळ्यांचा पूल आला. आडवं पडलेलं झाड आलं. कुणीतरी पुटपुटलं, “एवढंसंच हाय की.”

“उगले सर,” साळवे म्हणाले, “हेच का तुमचं नीलवन? नीट बघा.”

उगल्यांनी मान डोलावली. त्यांच्या लेखातलं सगळं जागच्या जागी होतं. “अगदी हेच. हा पूल, हा कोसळलेला वृक्षराज. मी लिहिलंय तसंच आहे. आता तरी पटलं?”

“पटलं. आता ऑक्टोबर आहे. तुम्ही ऑक्टोबरातच गेला होता. फुलं कुठं आहेत?”

तृप्तीनं मोबाईल जमिनीकडं वळवला. तांबडी ओली पानं, चिखल, दुसरं काही नाही. “ही फुलं एप्रिल-मेमध्ये येतात, सर. ऑक्टोबरात कधीच नसतात.”

हॉलमध्ये कुजबुज उठली. उगल्यांनी घाम पुसला, पण शब्द हा त्यांचा धंदाच होता. “हवामान बदललंय. गेल्या वर्षी अवेळी फुलली. निसर्ग काय कॅलेंडर बघतो? आणि मी सरळ विचारतो. त्या वहीत हे सगळं होतं, असं म्हणणारा साक्षीदार कोण? साळवे सर, तुम्ही वाचलीत ना वही? मग बोला.”

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. ‘हो, वाचली.’ दैवशालाबाई पहिल्या रांगेतून त्यांच्याकडं बघत होत्या. त्यांची पूर्ण खात्री होती की सर तेच म्हणतील.

“नाही,” साळवे सर म्हणाले. “मी ती वही उघडली नाही. पंधरा दिवस ठेवून घेतली आणि ‘ठीक आहे’ म्हणून परत केली. मी खोटं बोललो होतो.”

मागून कुणीतरी हसलं. दैवशालाबाईंनी मान खाली घातली. उगल्यांनी हात पसरून सभेकडं पाहिलं, जणू टाळ्या वाजायच्याच बाकी होत्या.

६

“म्हणून मला साक्षीदार दुसरा आणावा लागला,” सर म्हणाले. “उगले सर, बाकावरची पाटी तुम्ही स्वतः वाचलीत?”

“वाकून वाचली. लेखात आहे.”

“इंग्रजी तुम्हाला चांगलं येतं?”

“साळवे सर, मी प्राध्यापक आहे.”

सर पहिल्या रांगेकडं वळले. “दैवशालाबाई, पुढचं तुम्हाला लागेल. तृप्तीनं आधी तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं, मग तीच दाखवायला तयार झाली. थांबायचं असेल तर आत्ता थांबतो.”

दैवशालाबाईंनी वर पाहिलं. नजरेत माया नव्हती. “थांबू नका,” त्या म्हणाल्या.

तृप्ती बाकापाशी आली. मोबाईल पाटीच्या जवळ गेला. पितळ काळवंडलं होतं, स्क्रूला गंज चढला होता, पण अक्षरं भिंतीवर हातभर मोठी दिसत होती. सरांनी आकांक्षाला वाचायला सांगितलं. ती एकेक शब्द वाचत, मराठीत सांगत गेली.

“बार्नी. दोन हजार तीन ते दोन हजार सोळा. गुणी कुत्रा होता.”

दीडशे माणसांनी पाटीकडं पुन्हा पाहिलं. मग मागच्या बाजूनं हसू फुटलं आणि पुढंपर्यंत आलं.

“आई,” पडद्यावरची तृप्ती म्हणाली, “तेवढा एकच बाक होता गं. कुत्र्याचा म्हटलं असतं तर तू टेकली नसतीस. म्हणून मी मनानंच सांगितलं, कुणाच्या तरी आईचा आहे म्हणून.”

“ऐकलंत?” साळवे सरांनी आवाज चढवला नाही. “‘दमला असाल तर बसा’ हे वाक्य जगातल्या कुठल्याच पाटीवर नव्हतं. ते या मुलीनं रचलं, फक्त आईला सांगितलं आणि आईनं ते फक्त वहीत लिहिलं. या प्राध्यापकांना ते पितळेवर कोरलेलं दिसलं आणि त्यांचे नेत्र पाणावले. कुत्र्याच्या नावानं पाणावले असते तर मी त्यांना साधू म्हटलं असतं.”

“पण मी वाचनालयात पाऊलच...” उगल्यांचा आवाज बारीक झाला.

“तुम्ही नाही टाकलं. वही तुमच्याकडं चालत आली.” सरांनी कोरी वही वर धरली, साहेबरावांचं तोंड सभेकडं करून. शेजारी दुसरी वही धरली. “ही गेल्या वर्षीची, आकांक्षाच्या भावाकडची. हिच्यावर ‘जिल्हा परिषद सदस्य’ छापलंय. कपाटातल्या वहीवर ‘भावी आमदार’. या नव्या वह्या पाच नोव्हेंबरला वाटायच्यात. अजून त्यांचे गठ्ठे साहेबरावांच्या माडीवरच आहेत. आणि कपाटाची दुसरी चावीही साहेबरावांकडंच.”

साहेबरावांनी क्षणभर स्वतःच्या फोटोकडं पाहिलं. बुडती नाव सोडायचा त्यांना चाळीस वर्षांचा सराव होता.

“मला काय माहीत हे असलं करतील म्हणून? उगले सर म्हणाले, इंग्लंडच्या रानाचं काही असंल तर चरित्रात घालू, तुमचा अभ्यास दौरा म्हणून. मंग मी नेऊन दिली. कपाट रिकामं दिसू नये म्हणून दुसरी ठेवली. एका बाईची वही ती. मला वाटलं, कोण वाचतंय?”

हे तिसऱ्यांदा कुणीतरी म्हणालं होतं. साळवे सरांनी मोजणीत स्वतःला पहिला धरलं.

“वही कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

उगल्यांनी बॅगेतून वही काढली. ती त्यांनी सत्काराला सोबत आणली होती, भाषणासाठी. पानोपानी लाल शाई होती. जिथं जिथं ‘न्हाई’ होतं तिथं ‘नाही’ केलं होतं, ‘हाय’च्या जागी ‘आहे’. चोरलेला माल त्यांनी तपासून मार्कही दिले असावेत, इतकं मन लावून खुणा केल्या होत्या.

दैवशालाबाईंनी वही घेतली, पदरानं पुसली. मग पडद्याकडं वळून लेकीला म्हणाल्या, “कुत्र्याचा तर कुत्र्याचा. बसू तर दिलं त्यानं. तू घरी जा आता, लेकराला वारं लागंल.”

७

पुढं काय व्हायचं ते झालं, म्हणजे फारसं काही झालं नाही. दैनिकानं बोअरवेलच्या जाहिरातीखाली चार ओळींचा खुलासा छापला. साहेबरावांचा वाढदिवस ठरल्या दिवशी झाला आणि भावी आमदारांच्या दोन हजार वह्या वाटल्या गेल्या. उगल्यांना महिनाभरात जाफराबादला व्याख्यानाचं बोलावणं आलं. विषय होता लेखनातील सच्चेपणा, आणि शालही मिळाली असं ऐकिवात आहे. आकांक्षानं कपाटाचं कुलूप तेवढं बदललं.

साळवे सर आठ दिवस घरात बसले. नवव्या दिवशी दुपारी ते दैवशालाबाईंच्या ओसरीवर आले. बाईंनी पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही.

“वही वाचायला मिळेल का?” सर म्हणाले. “या वेळी खरंच वाचीन.”

“न्हाई.”

सर उठायला लागले.

“बसा की,” त्या म्हणाल्या. “वही आता मी कुणाच्या हातात देत न्हाई. ऐकायचं आसंल तर मी वाचते. शंभर पानं हायेत. मधी उठायचं न्हाई.”

त्यांनी आतून वही आणली, चष्मा लावला आणि लाल शाईतून वाट काढत वाचायला सुरुवात केली. विमानतळ आला, थंडी आली, तृप्तीच्या घरामागची गल्ली आली.

“फाटकाला कुलूप न्हवतं. म्हणून मी बाह्यरच हुभी राह्यले. मला वाटलं, राखणदार कुठंतरी गेल्ता आसंल, त्याला इचारून मंग आत जावं. पाऊण घंटा मी हुभी.”

“उभी,” साळवे सर सवयीनं म्हणाले.

दैवशालाबाई थांबल्या. चष्म्यावरून त्यांनी सरांकडं पाहिलं आणि बघतच राहिल्या.

सरांनी हातांची घडी घातली, तोंड मिटलं. मग बाईंनी पान उलटलं.